पगार कोणाच्या हाती

कचऱ्याच्या धंद्यातल्या एखाद्या कंपनीच्या संचालकाला ‘तुमच्याकडे गुलाम आहेत का’ असे विचारले, तर तो एक तर हसेल, नाही तर चिडेल. त्याच्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात, जहाजे येतात, फार तर वीटभट्टीवरचे एखादे कुटुंब येते. आपली कॉम्पॅक्टर गाडी, गाडीमागे लटकलेले दोन कामगार, ओला-सुका वेगळा करणाऱ्या पट्ट्यापाशी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या बायका या चित्रात येत नाहीत. हजेरीपट आहे, पगार बँकेतून जातो, भविष्य निर्वाह निधीची चलने भरलेली आहेत. मग गुलामगिरी कुठली? ही पुस्तिका त्याच प्रश्नाला उत्तर म्हणून तयार झाली आहे. कचरा कंपन्यांचे व्यवस्थापक, पालिकांचे घनकचरा विभाग, कंत्राटदार आणि मुकादम यांच्यासाठी ती लिहिली आहे. प्रस्तावना म्हणून मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे : पगार कंपनीतून निघाला का, एवढे पाहून भागत नाही. तो शेवटी कोणाच्या हाती राहिला, ते पाहावे लागते.

‘आधुनिक गुलामगिरी’ या नावाखाली आज बरेच काही येते. सक्तीची मजुरी, कर्जापोटी वेठ, माणसांची खरेदी-विक्री, सक्तीचे लग्न. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये कोणत्याही एका दिवशी सुमारे ५ कोटी माणसे या अवस्थेत होती आणि त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत होती. आकडा मोठा आहे, आणि मोठ्या आकड्यांचा एक दोष असा की ते दूरचे वाटतात. त्यापेक्षा व्याख्या जवळची आहे. संघटनेच्या १९३० च्या २९ क्रमांकाच्या करारात, ज्याला भारताने १९५४ मध्ये मान्यता दिली, सक्तीची मजुरी म्हणजे शिक्षेची धास्ती घालून आणि माणूस आपखुशीने तयार नसताना करून घेतलेले काम, असे म्हटले आहे. यात बेड्या नाहीत, चाबूक नाही. धास्ती आणि नाइलाज आहे. आधार कार्ड अडकवून ठेवण्याची धास्ती, उचल एकरकमी मागण्याची धास्ती, गावाकडच्या माणसांना तगादा लावण्याची धास्ती. यांपैकी एकही हजेरीपटात दिसत नाही.

कचऱ्याच्या धंद्यापुरते बोलायचे तर या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण आपल्याकडचे नाही, इंग्लंडमधले आहे. वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी ‘ऑपरेशन फोर्ट’ या नावाने केलेला तपास. पोलंडमधली एक टोळी तिथल्याच बेघर, व्यसनी, तुरुंगातून सुटलेल्या, कामाच्या शोधात हताश झालेल्या माणसांना चांगल्या पगाराची आणि राहण्याच्या जागेची लालूच दाखवून बसने इंग्लंडला आणत असे. सतरा वर्षांच्या मुलापासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे त्यात होते. त्यांना वेस्ट ब्रॉमविच आणि आसपासच्या कोंदट, गळक्या घरांत दाटीवाटीने ठेवले जाई. पहाटे उठवून कामावर सोडले जाई : शेतांवर, टर्की कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यांत आणि कचरा वर्गीकरणाच्या केंद्रांवर. पोलिसांच्या अंदाजाने पीडितांची संख्या ४०० हून अधिक होती. २०१५ साली दोघे जण निसटले आणि ‘होप फॉर जस्टिस’ या संस्थेपर्यंत पोचले, तेव्हा धागा हाती लागला. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयातल्या खटल्यांवरची वार्तांकनाची बंदी उठली आणि देशाला कळले की आठ जणांना शिक्षा झाल्या आहेत; पाच पुरुष आणि तीन बायका.

इथे थांबून पाहावे अशी गोष्ट वेगळीच आहे. ही माणसे लपूनछपून काम करत नव्हती. त्यांची नावे कामगारांच्या यादीत होती, ती नोंदणीकृत रोजगार एजन्सीमार्फत आली होती आणि त्यांचा पगार कायद्याप्रमाणे ठरून बँक खात्यात जमाही होत होता. फक्त ती खाती टोळीने त्यांना बरोबर नेऊन उघडली होती आणि कार्डे टोळीकडेच होती. कामगाराला आठवड्याअखेर हातावर टेकवले जाणारे पैसे त्याच्या कमाईचा अगदी लहानसा तुकडा असे. बाकीचे प्रवासखर्च, भाडे, जेवण, ‘कर्ज’ यांत वळते. टोळीतली एक बाई तर एका रोजगार एजन्सीतच नोकरीला होती. म्हणजे ज्या दारातून चौकशी व्हायची, त्या दाराची किल्लीच टोळीकडे होती. कंपन्यांच्या तपासण्या झाल्या असतील, कागद बिनचूक निघाले असतील. कागद बिनचूक होतेच. इंग्लंडच्या तेव्हाच्या स्वतंत्र गुलामगिरीविरोधी आयुक्त सारा थॉर्नटन यांनी २०२० साली या प्रकरणातून व्यवसायांनी काय शिकावे यावर अहवाल काढला, तो यासाठीच. एकाच पत्त्यावर राहणारे अनेक कामगार, अनेकांच्या अर्जावर तोच मोबाइल नंबर, एकाच्या वतीने दुसराच बोलतो : या खुणा कंपनीच्या स्वतःच्या दप्तरात पडलेल्या असतात. त्या कोणी एकत्र लावून पाहत नाही.

इंग्लंडने २०१५ साली ‘आधुनिक गुलामगिरी कायदा’ केला. त्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी एक निवेदन प्रसिद्ध करावे लागते : आपल्या कामात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून आम्ही काय केले. संचालकाची सही हवी, संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर दुवा हवा. तिथल्या सगळ्या मोठ्या कचरा कंपन्या अशी निवेदने काढतात आणि ती एकमेकांसारखी दिसतात. कारण कायद्यातच एक पळवाट आहे : ‘आम्ही काहीही केले नाही’ असे जाहीर केले तरी कायदा पाळला जातो. दंडही नाही. त्याहून मोठी उणीव आणखी मागे जाते. २००४ च्या फेब्रुवारीत मोरकम बे इथे भरतीच्या पाण्यात शिंपले वेचणारे २० हून अधिक चिनी मजूर बुडून मेले, तेव्हा मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. पण तो शेती, शिंपले आणि अन्नप्रक्रिया यांनाच लागू केला. कचरा वर्गीकरणाचा पट्टा त्यातून सुटला. ऑपरेशन फोर्टमधली माणसे ज्या धंद्यांत सापडली, त्यांतला एक धंदा परवान्याच्या कक्षेबाहेर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे सगळे वाचून ‘तिकडचे काही तरी’ असे कोणाला वाटेल. माझे मत उलट आहे. हा विषय आपल्याकडे अधिक जुना आहे आणि आपला कायदा अधिक कडक आहे. फक्त आपण त्याला वेगळ्या नावाने ओळखतो आणि कचऱ्याच्या संदर्भात तो क्वचितच उघडून पाहतो.

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार, वेठ आणि तशा स्वरूपाची सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. १९८१ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू असताना ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९८२ साली आलेल्या निकालपत्रातला एक तपशील प्रत्येक कचरा कंपनीच्या लेखा विभागात लावून ठेवावा असा आहे. किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ते कंत्राटदार जमादाराला देई, जमादार माणशी रोज १ रुपया दस्तुरी कापून घेई आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. बस, एवढेच. मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही, फक्त मधल्या माणसाने कापलेला रुपया. न्यायमूर्ती भगवती आणि बहरुल इस्लाम यांनी सांगितले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर जो राबतो, तो २३ व्या कलमाच्या अर्थाने सक्तीची मजुरी करतो. कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. शिवाय कंत्राटदाराने कापले म्हणून मूळ मालक हात झटकू शकत नाही.

इंग्लंडच्या कायद्याच्या दृष्टीने हा ‘वेतन कमी दिल्याचा’ गुन्हा ठरेल, गुलामगिरीचा ठरेलच असे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रेषा फार वर ओढली आहे. ती इतकी वर आहे की ती प्रामाणिकपणे लावली तर देशातल्या निम्म्या सफाई कंत्राटांना घाम फुटेल, असे मला वाटते. म्हणूनच बहुधा ती लावली जात नाही.

रुपयाच्या त्या वाटेवर पहारा ठेवण्याची सोय त्याआधीच झालेली होती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या २१ व्या कलमात असे होते की कंत्राटदार पगार वाटेल तेव्हा मूळ मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर असला पाहिजे आणि रक्कम दिली गेल्याचा दाखला त्याने सहीनिशी दिला पाहिजे. कंत्राटदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर मूळ मालकाने तो भरायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतल्या एका संहितेत विलीन झाला. न दिलेल्या पगाराची मूळ मालकावरची जबाबदारी मात्र नव्या संहितेतही आहे. इंग्लंडचा कायदा निवेदन मागतो. आपला कायदा पगाराच्या टेबलापाशी उभा राहणारा माणूस मागत होता. अधिकारी पगाराच्या दिवशी खरोखर सफाई चौकीवर जात होते की सह्या नंतर कार्यालयात बसून होत, हे त्या काळातल्या कोणत्याही मुकादमाला विचारावे.

मग रोख पगार गेला, बँक खाती आली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला : आता मधला माणूस संपला. तो संपला नाही, एक पाऊल पुढे सरकला. पूर्वी तो पगाराच्या टेबलापाशी कापून घेत असे, आता एटीएमच्या दारात कापून घेतो. गावाकडून टोळी आणणारा ठेकेदाराचा माणूसच खाते उघडायला घेऊन जातो, अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचा घालतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. कार्ड ‘हरवू नये म्हणून’ त्याच्याकडे. दुसरा प्रकार आणखी सरळ : पूर्ण पगार खात्यात येतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने ठरलेली रक्कम रोख परत आणून द्यायची. न देणाऱ्याला पुढच्या आठवड्यापासून ‘गाडी नाही’. आणि या सगळ्याच्या मुळाशी उचल. ऊसतोडीच्या संदर्भात हा व्यवहार महाराष्ट्राला नीट माहीत आहे. शहरातल्या सफाई कामात तो खोलीची अनामत, बाळंतपण, दवाखाना या निमित्ताने येतो आणि सावकार व मुकादम हे कधी कधी एकच असतात. बँकेचा हस्तांतराचा अहवाल पाहणाऱ्या लेखापरीक्षकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने पगार पोचलेला असतो.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा नेमका या उचलीसाठी आहे. श्रमसंहितांच्या विलीनीकरणात तो गेला नाही, तो स्वतंत्रपणे उभा आहे, हे इथे मुद्दाम नोंदवतो; कारण अनेक मनुष्यबळ अधिकाऱ्यांना तो शेतीपुरताच वाटतो. या कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. हे कर्ज वेठीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले : मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसले, की ते उचलीपोटीच घेतले जात आहे असे धरून चालावे. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असाव्यात, सुटका झालेल्याला प्रमाणपत्र आणि पुनर्वसनाची रक्कम मिळावी, अशीही व्यवस्था आहे. समित्यांच्या बैठका किती होतात हा वेगळा विषय.

मुंबईकडे वळू. रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा काढणारे हे शहर. तो काढण्याचे काम कायम कामगारांकडून थोडे थोडे करत कंत्राटदारांकडे गेले, तेव्हा एक पद्धत रूढ झाली. वीसपेक्षा कमी कामगारांची छोटी छोटी कंत्राटे काढायची, कारण त्या वेळी कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू होई. कंत्राट काही महिन्यांचे ठेवायचे, म्हणजे सलग २४० दिवसांच्या सेवेचा प्रश्नच येत नाही. कंत्राटदाराचे नाव बदलायचे, गाडी आणि माणसे तीच. दत्तक वस्ती योजनेत तर झोपडपट्टी झाडणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ आणि त्याच्या पगाराला ‘मानधन’ म्हटले गेले. स्वयंसेवकाला किमान वेतन लागू होत नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे प्रकरण वर्षानुवर्षे लढवले. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांच्या बाबतीत ही कंत्राटे बनावट ठरवली आणि ते पालिकेचेच कामगार असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा निर्णय कायम झाला. त्यानंतरही अनेकांची नेमणूक अडली, का? तर यादीतले नाव आणि कागदपत्रांवरचे नाव जुळत नव्हते. आयुष्यभर ज्याची हजेरी दुसऱ्या कोणी तरी लिहिली, त्याच्या नावाचे स्पेलिंग बरोबर कसे असणार?

या २,७०० जणांना गुलाम म्हणावे का? मी म्हणणार नाही. ते लढले, संघटित झाले, जिंकले. पण ज्या रचनेशी ते लढले, त्या रचनेत गुलामगिरी शिरायला दार कुठे उघडे राहते, ते या प्रकरणात स्वच्छ दिसते : मूळ मालक आणि झाडू मारणारा यांच्यामध्ये जितके जास्त थर, तितकी मधल्या हातांना जागा जास्त. आणि हे थर आपोआप पडत नाहीत. ते निविदेत लिहिलेले असतात.

निविदेचे गणित एकदा सरळ मांडू, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित कागद तोच आहे. कामगाराला किमान वेतनाचे १०० रुपये द्यायचे, तर भविष्य निर्वाह निधीचे प्रशासकीय खर्चासह १३, राज्य विम्याचे ३.२५, बोनसचे किमान ८.३३ आणि उपदानाची तरतूद ४.८१ असे जवळपास २९ रुपये कंत्राटदाराला त्यावर लागतात. त्यात रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस, गणवेश, गमबूट, हातमोजे, साबण आले नाहीत. कंत्राटदाराचा नफा तर नाहीच. आता एखाद्या निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याने माणशी खर्च किमान वेतनाच्या जेमतेम ५-१० टक्के वर दाखवला आणि तरीही काम त्यालाच दिले गेले, तर उरलेले पैसे कोणाच्या खिशातून निघणार, हे काम देणाऱ्याला त्याच दिवशी कळलेले असते. पगारातली कापाकापी मग मुकादमाचा लबाडपणा राहत नाही, ती कंत्राटाची अट होऊन बसते. पुढे कितीही तपासण्या करा, कितीही घोषणापत्रांवर सह्या घ्या. म्हणून या पुस्तिकेतले निविदेवरचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे, ते जरा रुक्ष असले तरी.

पुरवठा साखळीबद्दल थोडे. इतर धंद्यांत माल पुरवठादाराकडून येतो आणि ग्राहकाकडे जातो, त्यामुळे पाहायचे कुठे हे ठरलेले असते. कचरा कंपनीचा ‘कच्चा माल’ मात्र आपल्या सगळ्यांच्या घरातून येतो. तिथे शोधण्यासारखे फार नाही. तिला पाहावे लागते दोन वेगळ्या दिशांना. एक, ती विकत काय घेते. कचरा हाताळणाऱ्याच्या हातातला रबरी मोजा घ्या. जगातली सर्वांत मोठी हातमोजे कंपनी असलेल्या मलेशियाच्या टॉप ग्लोव्हच्या मालावर अमेरिकी सीमाशुल्क विभागाने जुलै २०२० मध्ये बंदी घातली आणि मार्च २०२१ मध्ये तिथे सक्तीची मजुरी असल्याचा निष्कर्ष काढला. कारण होते परदेशी कामगारांनी नोकरी मिळवण्यासाठी दलालांना दिलेले भरतीशुल्क आणि त्यापायी डोक्यावर झालेले कर्ज. कंपनीने ते शुल्क कामगारांना परत केले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. यात धडा सोपा आहे : सीमेवर माल अडला तेव्हा, काही महिन्यांतच, वर्षानुवर्षे न सुटलेली बाब सुटली. खरेदीदाराच्या हाती किती ताकद असते, ते खरेदीदाराला सहसा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सोयीचे नसते.

दुसरी दिशा खालची. वेगळे केलेले प्लास्टिक, पुठ्ठा, काच, जुने कपडे, निकामी इलेक्ट्रॉनिक सामान कंपनी विकते, आणि विकल्याबरोबर तिची नजर वळते. पण त्या मालाचे गठ्ठे जिथे फोडले जातात त्या गोदामांत, धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या गल्ल्यांत, माणसे कामाच्याच जागी झोपतात, जेवतात, आणि बाहेरगावच्या पोराचे राहणे-खाणे मालकाकडे असले की पगाराचा हिशेब वर्षाअखेर होतो. भंगारवाल्याला मी दोष देत नाही. शहराचा कितीतरी कचरा तो वाचवतो आणि त्याला कोणी धन्यवाद देत नाही. पण ‘विक्रीनंतर आमचा संबंध नाही’ हे वाक्य कंपनीने आता खोडून टाकायला हवे. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जो व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे आणि त्यात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारींचे आकडे द्यावे लागतात. बहुतेक अहवालांत तिथे शून्य असते. तक्रार करायला जागाच नसेल तर शून्याशिवाय दुसरे येणार काय?

आता त्या गोष्टीकडे, जिला इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये जागा नसते. इंग्लंडमध्ये टोळीला माणसे शोधावी लागली. आपल्याकडे हे काम कोणी करायचे ते जन्माने ठरलेले होते, आणि आजही बरेचसे ठरलेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली जातिव्यवस्थेवरच्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले, ते उगाच नव्हे. मुंबईच्या कंत्राटी सफाई कामगारांत दलितांचे प्रमाण किती, हे पाहायला जनगणना लागत नाही, कोणत्याही चौकीवर सकाळी सहाला गेले तरी पुरते. जात असली की धास्ती घालावीच लागत नाही. दुसरे काम मिळत नाही, मिळाले तर टिकू दिले जात नाही, एवढे पुरेसे असते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती कुटुंबाला आधार देते आणि त्याच वेळी झाडू पुढच्या पिढीच्या हाती ठेवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मैलाटाक्या आणि गटारांच्या बाबतीत तर नोंदसुद्धा उरत नाही : चेंबर तुंबले की एक फोन, कोणी तरी दोन माणसे पाठवतो, ती कोणाची हे मेल्यावरच विचारले जाते. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने हे बंद केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, आणि तरी तो फोन जातोच. सक्तीच्या मजुरीची तपासणी करणाऱ्याच्या यादीत जातीचा रकाना नसेल, तर भारतात ती तपासणी अपुरी आहे.

यावर उपाय म्हणून लोक पुण्याचे नाव घेतात, आणि ते बरोबर आहे. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांना पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिथे मधला माणूस नाही, कारण संस्था कामगारांचीच आहे. घरांकडून शुल्क घेणारी बाई तीच, भंगार विकणारीही तीच. पैशाची वाट छोटी करण्याचा याहून थेट मार्ग मला माहीत नाही. तरी तिथेही शुल्क न देणारी घरे आहेत, कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवार आहे. प्रत्येक शहरात हे जमेल असे नाही. पण कंपनीला कंत्राट देण्याआधी पालिकेने हा पर्याय टेबलावर ठेवून का नाकारला, ते लिहून ठेवायला काय हरकत आहे?

कंत्राटी कामगार कायदा ज्या नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, तिच्यात एक बारीक वाक्य आहे. गाभ्याच्या कामासाठी कंत्राटी कामगार लावू नयेत असे ती म्हणते आणि साफसफाई व कचऱ्याची विल्हेवाट हे गाभ्याचे काम नव्हे असेही म्हणते. मात्र ती संस्था त्याच कामासाठी स्थापन झाली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे रुग्णालय सफाई कंत्राटाने देऊ शकेल, पण कचरा कंपनीने कचरा उचलायलाच कंत्राटी माणसे लावली, तर तिला उत्तर द्यावे लागेल. अपवाद आहेत, वकील ते शोधतील. तरी हे वाक्य कचरा कंपन्यांच्या कायदा विभागांनी वाचले आहे का, याची मला शंका आहे.

एक धोका सांगून आवरतो. गुलामगिरी सापडली की कंपनीची पहिली प्रतिक्रिया असते कंत्राटदाराचे कंत्राट रद्द करण्याची. त्या दिवशी संध्याकाळी कंत्राटदार दुसऱ्या पालिकेत जातो आणि कामगार, ज्याच्यासाठी हे सगळे केले, तो उचलीसह रस्त्यावर येतो. पुढच्या वेळी तो तोंड उघडत नाही. म्हणून या पुस्तिकेने क्रम उलटा सांगितला आहे आणि मला तो पटतो : आधी कामगाराचे काम आणि थकबाकी सुरक्षित करा, त्याचे कार्ड आणि कागद त्याच्या हाती द्या, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे सुटकेच्या प्रमाणपत्राचा अर्ज करा, मग कंत्राटदाराकडे वळा.

पुस्तिका मोठी नाही, एका बैठकीत वाचून होते. ज्यांच्या हाती ती पडेल त्यांना माझी विनंती एवढीच आहे : ती वाचून झाल्यावर पुढच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी चौकीवर जा. बरोबर मुकादम नको, कंत्राटदाराचा माणूस नको. दहा कामगार तुम्ही निवडा, यादी दुसऱ्याला करू देऊ नका. प्रत्येकाला, एकेकट्याला, विचारा की एटीएम कार्ड कुठे आहे, खात्याला मोबाइल नंबर कोणाचा आहे आणि काल हातात किती आले. दहांपैकी एकाने जरी उत्तर देण्याआधी मागे वळून पाहिले, तर चौकशी त्याच दिवशी सुरू करा.